बास म्हणजे बास

६ एप्रिल, रविवार

लेकीचे होणारे सासू-सासरे आज प्रथमच घरी आले. भेट अत्यंत यशस्वी.

मी स्वागताचे चार शब्द बोललो. उभं राहूनच. बसून बोललं की माझा आवाज पोटातून निघत नाही. युनियनचा सरचिटणीस म्हणून इतकी वर्षं मोकळ्या मैदानात माईकशिवाय बोलत आलोय. कचेरीत मला 'तोफ' म्हणतात ते उगीच नाही. विषय: तडजोड, मानवजातीला जडलेला रोग. सूप थंड झालं, पण वातावरण तापलं.

व्याही निवृत्त ग्रंथपाल. सगळी नोकरी 'शांतता राखा' या पाटीखाली काढलेला माणूस. तोंडातून शब्द फुटत नाही. त्यांच्या वाटचं विहीणबाई बोलत असाव्यात, पण आज त्यांनाही संधी मिळाली नाही.

मुद्दा ऐन रंगात आला होता, तेवढ्यात आमची ही स्वयंपाकघराच्या दारातून मोठ्याने म्हणाली, "बास!"

व्याह्यांनी झटकन मान वर केली. चेहरा उजळला. म्हणाले, "बास? अरे वा! तुम्ही पण?"

जरा वेळाने उलगडा झाला. बास नावाचा एक मासा असतो. तो तळ्यात राहतो आणि व्याही दर रविवारी गळ घेऊन त्याच्या मागावर असतात. हिचं 'बास' म्हणजे साधं 'पुरे झालं' हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. त्यांच्या घरी कुणाला पुरे म्हणायची वेळ येत नसावी.

इतका खुललेला चेहरा पाडायचा कसा? म्हणालो, "अर्थात! तीस वर्षांचा नाद आहे बासचा." हे पूर्ण खोटं नाही. हा शब्द मी तीस वर्षं ऐकतोच आहे.

त्यांनी सत्तावीस तारखेला तळ्यावर बोलावलं आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लेक येऊन समोर बसली. म्हणाली, "बाबा, लग्नात भाषण करणार आहात?" मी म्हणालो, मसुदा तयार आहे. तिने तो वाचला. मग बराच वेळ कपाळाला हात लावून बसली. वाचन मन लावून करते पोरगी.

शेवटी पैज लागली. सत्तावीसला मी एक बास पकडून होडीत आणला, तर लग्नात मला हवं तितकं बोलायचं, कुणी अडवायचं नाही. नाही पकडला, तर माईकवर फक्त 'धन्यवाद' म्हणून खाली उतरायचं. साक्षीदार म्हणून ती स्वतः होडीत बसणार.

स्वीकारली. एक मासा! मी आख्खं व्यवस्थापन वाकवलेलं आहे.

मसुद्यात आणखी एक प्रकरण वाढवतो.

८ एप्रिल

पुलाजवळच्या मासेमारीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "पॉवर कोणती पाहिजे?" पॉवर! माणूस आपल्यातला निघाला.

म्हणाला, काठ्या लाइट, मीडियम, हेवी अशा असतात. काठी वाकवायला किती जोर लागतो, त्यावरून ठरतं. "नवीन असाल तर मीडियम न्या साहेब. सगळीकडे चालून जाते."

सगळीकडे चालून जाते! मी काउंटरवर मूठ आपटली आणि मध्यममार्गी लोकांनी आजवर कोणकोणत्या चळवळी बुडवल्या ते त्याला थोडक्यात सांगितलं. दोन गिऱ्हाइकं निघून गेली. विचार करायला गेली असणार.

हेवी घेतली. अशी ताठ, की हातात धरताच आपुलकी वाटली.

मग म्हणाला, ॲक्शन? फास्ट की मॉडरेट? हा काय प्रश्न झाला? फास्ट! तो पुढे सांगत होता की ॲक्शन म्हणजे काठी नुसती शेंड्याला वाकते की मधून वाकते, वगैरे. मी लक्ष दिलं नाही. ॲक्शन म्हणजे कृती. एवढं इंग्रजी मला येतं.

त्यानंतर आमिषं. 'आमिषाला बळी पडू नका' हे माझं सर्वांत गाजलेलं भाषण. लोक अजून आठवण काढतात. आणि इथे भिंतभर आमिषं टांगलेली! रबरी अळ्या, रबरी बेडूक, झालरी लावलेले शिशाचे गोळे, प्लास्टिकचे मासे, चमकणारे, झुलणारे, खुळखुळणारे. मी मन घट्ट केलं.

पिशवीभर घेतली. किंमत लिहीत नाही. ही वही माझ्याखेरीज कुणी वाचत नाही, पण आमच्या हिला न वाचताही कळतं.

त्यातला एक छोटा प्लास्टिकचा मासा फारच आवडला. पुढे ओठासारखी पट्टी आहे. दोरी ओढली की त्या पट्टीमुळे तो पाण्यात बुडी मारून डुलत डुलत येतो म्हणे. वजन शर्टाच्या बटणाएवढं, पण चेहऱ्यावर निर्धार आहे. हाच वापरायचा ठरवलं. दुकानदार म्हणाला, "हेवीवरून हा जायचा नाही साहेब. याला मऊ काठी लागते."

बघू म्हणालो.

१० एप्रिल

गच्चीवर सराव. काठी झटकली की छोटा मासा दूर जाऊन पडायला हवा. तो पायाशी पडतो.

वारा विरुद्ध होता.

तोंड दुसऱ्या दिशेला करून फेकलं. त्याही बाजूने वारा विरुद्ध.

फास्ट ॲक्शन म्हणून फार भराभर फेकलं. मासा पाठीमागून येऊन माझ्या शर्टाला लागला. त्याला तीन-तीन काट्यांचे दोन हुक आहेत, हे तेव्हा नीट पाहिलं. हिने कात्रीने सोडवला. म्हणाली, "पहिला बळी गेला."

११ एप्रिल

दोष काठीत नाही, हे आज शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केलं. छोट्या माशाऐवजी सायकलचं कुलूप बांधलं. झकास गेलं! काठीने शेंड्यातून असा हिसका दिला की बघत राहावं. कुलूप समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या कुंडीत पडलं. कुंडी होती, असं म्हणायला हवं.

समोरच्या बाईंची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी जरा लांबली. त्यांनी दार लावून घेतलं.

१३ एप्रिल

लेकीने काठीची मूठ फिरवून पाहिली. तिथे बारीक अक्षरांत छापलेलं आहे: किती वजनाचं आमिष चालेल ते. माझा मासा त्या आकड्याच्या आसपासही नाही. म्हणाली, "बाबा, ताठ काठीला जड आमिष लागतं. त्याच्या ओझ्याने ती वाकते, आणि वाकली तरच फेकते. काठीला आमिष जुळायला हवं ना."

हे तिला होणाऱ्या नवऱ्याने फोनवर सांगितलं असणार. अजून लग्न व्हायचंय आणि पोरगी जुळवून घेण्याची भाषा बोलायला लागली!

मी तिला सांगितलं, छापील मजकूर ही सूचना असते, आज्ञा नव्हे. पण रात्रभर एक विचार डोक्यात घोळणार असं दिसतंय.

१४ एप्रिल

विचार पिकला.

जड काठीला जड आमिष आणि हलक्या काठीला हलकं. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी द्यायचं! याच वृत्तीविरुद्ध मी उभी हयात लढलो. आता तळ्यावर जाऊन तिच्यापुढे मान तुकवू? जड काठीला हलकं आमिष, आणि हलक्या काठीला जड. हाच समतेचा न्याय.

त्यासाठी अर्थातच हलकी काठी लागेल.

१५ एप्रिल

दुकानदाराने लांबूनच ओळखलं आणि खुर्ची दिली. सर्वांत लाइट काठी मागितली. गवताच्या काडीसारखी आहे. तिला मुठीएवढा रबरी बेडूक लावणार. दुकानदार म्हणाला, "साहेब, मोडेल हो." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "बेडूक हिरवा देऊ की काळा?"

पटलं त्याला.

हिने दोन्ही काठ्या शेजारी शेजारी उभ्या पाहिल्या. म्हणाली, "अहो, या दोघींच्या मधली नाही का मिळत?" मी उत्तर द्यायला उभा राहिलो. ती म्हणाली, "बास."

१९ एप्रिल

नवं संकट. विहीणबाईंचा हिला फोन आला. व्याही होडीत कुणालाही बोलू देत नाहीत. आवाजाने मासे बुजतात. त्यांच्या धाकट्या भावाला त्यांनी एकदा शिंकला म्हणून काठावर नेऊन उतरवलं.

संकल्प: मौन. आजपासूनच सराव.

त्याच दिवशी, दुपारी

मौन उत्तम चाललं होतं. हिने विचारलं, चहात साखर घालू का. प्रश्न वरवर साधा आहे, पण साखर उद्योगाची सगळी मुळं त्यात आहेत. चहा गार झाला.

ही म्हणाली, "तुम्हाला मौन झेपायचं नाही. आपण दुसरं करू. मी किंवा पोरगी 'बास' म्हणाली की जिथे असाल तिथे थांबायचं आणि खाली बसायचं. विचारायचं नाही, समजवायचं नाही. तेवढं जमवा."

मान्य. फास्ट ॲक्शन!

२२ एप्रिल

आज सात-आठदा प्रयोग झाला. पहिल्यांदा मी 'बास' नंतर फक्त समारोप केला. दुसऱ्यांदा फक्त आभार मानले. संध्याकाळपर्यंत वाक्याच्या मधोमध थांबायला लागलो. ही म्हणाली, "हे लग्न झाल्या झाल्या का नाही सुचलं मला?"

२५ एप्रिल

प्रगती थक्क करणारी. सकाळी दाढी करत होतो. ही फोनवर दूधवाल्याशी बोलताना 'बास' म्हणाली. मी अर्ध्या गालावर थांबलो आणि बाथरूमच्या स्टुलावर बसलो. बराच वेळ बसलो. कचेरीत उशिरा पोचलो, एका बाजूने दाढी तशीच. युनियनमधल्यांना वाटलं, निषेध आहे. दोघांनी पाठिंबा म्हणून उद्या तसंच यायचं ठरवलंय.

भाषणाचा मसुदा पूर्ण. आवाज लावून वाचला. सनईसारखा... नव्हे, तोफेसारखा. लेकीला वाटेल, बापाने काहीतरी दिलं. सोनंनाणं काय, कुणीही देतं. शब्द मीच देऊ शकतो. तिच्या लहानपणीच्या चपलांबद्दलचा परिच्छेद तीनदा वाचला. एवढा एक परिच्छेद तिच्यासमोर म्हणता आला तरी...

पण तडजोड नको. सगळंच म्हणणार.

२७ एप्रिल, रविवार, पहाटे

दोन्ही काठ्या, पिशवी, टोपी घेतली. निघतो. आज रात्री लिहीन ते बासच्या वजनाबद्दल लिहीन.

२७ एप्रिल, संध्याकाळी

तीन जण होडीत. व्याही वल्हं मारत होते, लेक मध्ये, मी टोकाला. व्याह्यांकडे एकच जुनी काठी आणि साबणाच्या डबीएवढी आमिषांची डबी. गरीब वाटलं. माझी पिशवी ठेवायला ते पाय आखडून बसले.

आधी हेवी काठी, निर्धारी चेहऱ्याचा छोटा मासा. फेकला. होडीच्या कडेला टक् करून पाण्यात पडला. पुन्हा फेकला. व्याह्यांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो दोन बोटांनी उचलून मला परत दिला.

मग समतेचा प्रयोग. काडीसारखी काठी, जाडा बेडूक. सगळा जोर लावून, अगदी फास्ट झटकली. काठी मधोमध मोडली. दोरीही तुटली. बेडूक मात्र स्वतंत्र झाला आणि लांब, कमळाच्या पानांच्या मधोमध जाऊन अलगद बसला. इतकी सुंदर फेक मी आयुष्यात पाहिली नव्हती. आणि त्याच क्षणी पानं फाटली, पाणी उसळलं आणि एका भल्या मोठ्या तोंडाने बेडूक गिळला!

मी लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली. कुजबुजली, दोरीला काठी नाही आणि काठीला दोरी नाही, हा धरायचा नाही. तेवढ्यात बेडूक परत वर आला. माशाने तो चघळून थुंकला होता. रबराची चव.

आता व्याही उठले. वल्हं मारत जाऊन बेडूक उचलला. माझ्या हातातून हेवी काठी घेतली, छोटा मासा कापून माझ्या पिशवीत ठेवला आणि तिथे बेडूक बांधला. अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आता बघा. पानांत दडलेला मासा ओढून काढायला हीच काठी लागते. मऊ काठी असती तर पानांतच गुंतला असता. काठी तुम्ही चांगली आणलीत हो. फक्त लग्न भलत्याशी लावलंत." मला वाटतं, वर्षभराचं बोलणं त्यांनी तिथे खर्च केलं.

चांगली आणलीत! मी लेकीकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

फेकला. गेला! कमळाच्या पानांवर पडला. व्याह्यांनी हाताने खूण केली: थांबा. थोडा ओढा. थांबा. बेडूक पानावरून टुणटुण चालत येऊ लागला. मी गप्प. मी! शिंक आली होती, तीही गिळली. पाणी फुटलं. बेडूक नाहीसा झाला. व्याह्यांनी बोट वर केलं: अजून नाही... अजून नाही... आता! मी हिसका मारला आणि काठी जिवंत झाली.

काय सांगू. सभेत टाळ्या पडतात तेव्हाही हातात असं काही येत नाही. ताठ काठी शेंड्यापाशी वाकली आणि पानांसकट त्याला ओढत आणू लागली. हिरवा, जाडजूड, रागावलेला. होडीपासून दोन हात. मला चपलांचा परिच्छेद ऐकू यायला लागला.

आणि लेक आनंदाने उभी राहून ओरडली, "बाबा! बास! बास!"

मी थांबलो.

जिथे होतो तिथे थांबलो. काठी माईक ठेवावा तशी शेजारी ठेवली. आणि खाली बसलो.

विचारलं नाही. समजावलं नाही. ठरलं होतं तसंच.

काठी होडीच्या काठावरून सरकत गेली, तेव्हाही मी बसलेलोच होतो. तळ्यात आता एक मासा आहे आणि त्याच्याकडे हेवी, फास्ट ॲक्शनची काठी आहे.

 मग व्याह्यांच्या खांद्याला हिसके बसू लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते. इतकं हसले की होडी हलायला लागली आणि तळ्यातले उरलेसुरले मासेही पळाले असणार. स्वतःच्या होडीतला नियम स्वतःच मोडला. मी तिथेच निषेध नोंदवणार होतो, पण लेकीकडे पाहून राहून गेलं. ती हसत नव्हती. तिचा चेहरा पडला होता. म्हणाली, "बाबा, मी माशाला म्हटलं हो. तुम्हाला नाही."

३० एप्रिल

लेकीपुढे बाजू मांडली. एक: मासा काठीला लागला होता. दोन: व्यत्यय साक्षीदारानेच आणला. तीन: मी आज्ञा पाळली, आणि आज्ञापालनाची शिक्षा कुठल्याही कायद्यात नाही.

ती म्हणाली, "होडीत आला का?"

पोरगी माझ्यावर गेली आहे. तडजोड करत नाही.

मसुदा कपाटात ठेवला. वरच्या कप्प्यात. लागला तर हाताशी असावा.

१८ मे, लग्नाचा दिवस

सगळं छान पार पडलं. हॉल भरलेला. माईक चांगला होता. हातात घेतला तेव्हा कळलं, अतिशय चांगला होता.

म्हणालो, "धन्यवाद."

खाली उतरलो. युनियनची माणसं अजून टाळ्या वाजवायला वाट बघत होती. त्यांना वाटलं, सुरुवात आहे.

नंतर व्याही उठले. कुणी बोलावलंही नव्हतं. माईकपाशी गेले, दोनदा खाकरले आणि बोलले. ग्रंथपाल! अर्धा तास! विषय मी. सायकलचं कुलूप (हे त्यांना हिने सांगितलं), समतेचा न्याय (हे लेकीने), माशाला दिलेली काठी. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. विहीणबाई डोळे पुसत होत्या. शेवटी म्हणाले, "आमच्या घरात फार शांतता होती. वाचनालयासारखी. ही पोरगी आली, आता थोडा आवाज येईल. आणि हो, समोर बसलेल्या आमच्या विहीणबाई पहिल्या दिवशी 'बास' कशाला म्हणाल्या, ते मला त्या होडीत कळलं."

अर्धा तास. आमची ही पहिल्या रांगेत बसली होती. तिने एकदाही 'बास' म्हटलं नाही.

लोक हसले ते माझ्यामुळे. म्हणजे एका अर्थी भाषण माझंच झालं.

निघताना लेक गाडीत बसली, परत उतरली, माझ्याजवळ आली. म्हणाली, "बाबा, मसुद्यातला तो चपलांचा भाग म्हणून दाखवा ना. आत्ता. फक्त मला." मी तोंड उघडलं. आवाज पोटातून आला नाही. कुठूनच आला नाही. तिने मला धरलं, मी तिला धरलं. गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

१९ मे

घर फार शांत आहे.

व्याह्यांनी दिलेलं लांबोळकं पुडकं आज उघडलं. नवी काठी. हातात हलकी, धरायला छान. मूठ फिरवून बारीक अक्षरं वाचली. पॉवर: मीडियम. ॲक्शन: मॉडरेट.

सोबत चिठ्ठी: येत्या रविवारी तळ्यावर या. या काठीला तुमचा तो छोटा मासा जुळेल.

मीडियम! मॉडरेट! मला! जाईन, पण केवळ पाहुण्यांचा मान म्हणून आणि केवळ तात्पुरता. या निमित्ताने माझी भूमिका एकदाची स्पष्ट करून ठेवतो. मध्यममार्ग म्हणजे मुळात काय, याचा विचार तीन अंगांनी करावा लागेल. पहिलं अंग ऐतिहासिक. मानवजातीच्या प्रारंभापासून पाहिलं तर असं दिसतं की

ही दारातून म्हणाली, बास.